फियाटमधली मधली जागा

१

दर रविवारी सकाळी आम्ही वाघोलीला जायचो. तिथे माझी धाकटी बहीण हेमा राहते. कोथरूडहून वाघोली म्हणजे सगळं पुणं आडवं ओलांडायचं. हेमाला वाटायचं, आम्ही तिला भेटायला येतो. खरं तर हे गाडी चालवायला यायचे आणि मी हे येतात म्हणून यायचे. पोह्यांचं आपलं निमित्त. हेमाच्या पोह्यांसाठी इतक्या लांब कुणी येणार नाही, हे तिच्या नवऱ्यालाही ठाऊक आहे.

गाडी फियाट, एकोणऐंशी सालची, फिकट हिरवी. मध्ये कितीतरी वर्षं ती ताडपत्रीखाली उभी होती. हे कंपनीतून निवृत्त झाले तेव्हा घरात बसून माझ्या स्वयंपाकात सुधारणा सुचवू लागले, म्हणून मीच म्हटलं, त्यापेक्षा गाडी काढा. मग वारज्याच्या मच्छिंद्रच्या गॅरेजमध्ये तिचं सगळं काम झालं. इंजिन, रंग, सीटचा फोमसुद्धा नवा. सोसायटीतली मुलं तिला 'व्हिंटेज' म्हणतात. मलाही म्हणत असतील, माझ्यामागे.

ज्यांनी ही गाडी आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. हिच्या गिअरचा दांडा खाली जमिनीतून येत नाही, तो स्टेअरिंगच्या डाव्या अंगाला असतो. त्यामुळे पुढे दोन सुट्या सीट नाहीत, एक सलग बाक आहे. त्यावर तीन माणसं ऐसपैस मावतात. आम्ही तिघंच होतो. हे चालवायला, मी खिडकीशी आणि मध्ये नीरजा.

नीरजा आमची मुलगी. नऊ वर्षांची असताना तापानं गेली, शहाऐंशी साली. आम्हाला दुसरं मूल झालं नाही.

तिचा आणि ह्यांचा एक खेळ होता. हे दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून क्लच दाबायचे आणि हळूच 'हं' म्हणायचे. की ती दांडा ओढून गिअर टाकायची. पाढे पाठ व्हायच्या आधी तिला चारही गिअर पाठ होते. पोलिसानं पाहिलं तर काय, असं मी ओरडायचे. मग दोघंही सरळ समोर बघत बसायची, जसं काही मी रस्त्यावरच्या कुणाला तरी बोलतेय.

अशाच एका रविवारी, हेमाकडे जाताना, येरवड्याच्या चौकात सिग्नल सुटला. ह्यांचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते. ह्यांनी क्लच दाबला, आणि दांडा आपसूक खाली येऊन दुसरा गिअर पडला. मी म्हटलं असतं, गाडी जुनी झाली. पण त्याच्या जरा आधी हे 'हं' म्हणाले होते.

२

मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. डोंगर झिजतात तिथे गिअरचं काय, असं मी स्वतःला समजावलं. आतला कुठला तरी भाग झिजला असेल. उताराला गाडी हलते, दांडा सैल असतो, पडतो आपला. आणि 'हं' म्हणायची सवय राहिली असेल. माणसं निवृत्त झाल्यावरही सकाळी डबा मागतात.

पुढच्या रविवारी मी पेपर वाचायचं सोंग घेऊन बसले. बंडगार्डनच्या पुलावर तिसरा पडला. ह्यांचे हात स्टेअरिंगवर. विमाननगरच्या सिग्नलला पहिला, मग दुसरा. हात तिथेच. दर वेळी ओठ जरासे हलत. खराडीपाशी ट्रकनं अचानक ब्रेक मारला तेव्हा मात्र ह्यांचा डावा हात झटकन दांड्यावर गेला, आणि तितक्याच झटकन मागे आला. पुढचा सगळा रस्ता ते तो हात मांडीवर घासत होते.

मी विचारलं, काय झालं. म्हणाले, काही नाही, गिअर सैल झालाय, मच्छिंद्रला दाखवायला हवा.

येताना मी एक वेडेपणा केला. पर्स मांडीवर घेतली आणि आमच्या दोघांच्या मध्ये रिकाम्या सीटवर हात उताणा ठेवला. शाळेत लहान मुलांना रांगेतून नेताना आपण हात मागे ठेवतो ना, कुणीतरी धरेल म्हणून, तसा. कोथरूडपर्यंत ठेवला. रेक्झिन गार होतं. बाकी काही नव्हतं. घरी आल्यावर मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले, कारण मला खूप वर्षांनी हेवा वाटला होता, आणि तो माझ्याच नवऱ्याचा.

३

मच्छिंद्रचं गॅरेज वारज्यात, हायवेला लागून. त्याच्या वडिलांची तिथे शेती होती. निम्मी रस्त्यात गेली, उरलेलीत इमारती उठल्या आणि एका तुकड्यावर ह्यानं पत्र्याची शेड टाकली. गाड्यांवर जीव आहे, पण त्याहून जास्त बोलण्यावर.

तो आमची फियाट घेऊन हायवेला चक्कर मारून आला. मग गाडीखाली शिरून पाहिलं, दांड्याची जोडणी उघडून पाहिली. बराच वेळ लागला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा जरा पडला होता.

"काका, जोडातले बुश चांगले हायत. दांडा टाइट हाय. माझ्या हातात येकदा बी गिअर उडाला न्हाय. ह्याच्यात बदलायसारखं काय बी न्हाय बगा."

मला वाटलं, चला, सुटलो. हे म्हणाले, तरी बदलायचाय.

मग मच्छिंद्रची कळी खुलली. दोन रस्ते आहेत, त्यानं सांगितलं. एक म्हणजे हाच गिअरबॉक्स उघडून, धुऊन, नवे दाते घालून परत बसवायचा. दांडा जिथल्या तिथे स्टेअरिंगला. दुसरा म्हणजे नंतरच्या एका गाडीचा पाच गिअरचा बॉक्स त्याच्याकडे येऊन पडला होता, तो घालायचा. मागचा शाफ्ट थोडा कापावा लागेल, जमिनीला भोक पाडावं लागेल, दांडा खालून येईल. गाडी हायवेला लोण्यागत पळेल, आवाज कमी, पेट्रोल कमी, आणि काकांच्या खांद्याला त्रास नाही. शौकीन लोक हल्ली हेच करतात म्हणे.

मी विचारलं, "खालून येईल म्हणजे नेमका कुठे?"

त्यानं गाडीचं दार उघडलं आणि बाकाच्या मधोमध, पुढच्या कडेला, तळहात उभा धरून दाखवला. "हितं. ही सीट निघनार मग. दोन सुट्या बसवू, मधी मोकळं."

मी म्हटलं, पहिला रस्ताच बरा. जुनी गाडी जुनीच असावी, ज्याला पाच गिअर हवेत त्यानं नवी घ्यावी, आणि पुण्याच्या रस्त्यांवर पाचवा टाकायला जागा कुठे आहे. मच्छिंद्र हसला. हे हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्याला म्हणाले, खालचा घाल.

४

गाडी तिथेच सोडून आम्ही रिक्षानं आलो. घरी चहा केला, दोघांचा, आणि कप ह्यांच्यासमोर जरा आपटलाच.

आमच्या घरात तिचं नाव घेत नाहीत. असं कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्या वर्षी एकाचं ऐकून दुसरा मोडायचा, म्हणून दोघांनीही सोडून दिलं, आणि मग सोडलेलंच राहिलं. त्या दिवशी मी घेतलं. मी म्हटलं, नीरजाची जागा आहे ती. तुम्हाला ती कापायची आहे का?

ह्यांनी कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "मंदा, मी क्लच दाबतो तेव्हा तिचा हात तिथे आधीच असतो."

भूगोलाच्या कुठल्याच धड्यात हे नव्हतं.

"पहिल्यांदा वाटलं, भास आहे," हे म्हणाले. "आवडला होता मला तो भास. रविवारची वाट बघायचो. पण ती माझ्याकडे बघत नाही ग. नुसतं समोर बघते आणि मी 'हं' म्हणायची वाट बघते. घरी आल्यावर मी गाडी बंद करतो, आपण उतरतो, आणि ती तिथेच बसून राहते. पार्किंगमध्ये. पुढच्या रविवारपर्यंत. मी वरून गॅलरीतून बघतो."

"दिसते?"

"नाही. पण मला माहीत असतं."

मी विचारलं, तिचा हात कसा लागतो. मला तेवढंच विचारायचं होतं. बाकीचं सगळं मी झटकून टाकू शकले असते, वय झालं, एकटेपणा आहे, डॉक्टरांना दाखवू या. पण मी आधी हेच विचारलं.

"गार," हे म्हणाले. "तिला तिथे किती दिवस बसवून ठेवायचं? जागाच नसली तर जाईल ती. जिथे जायचं असतं तिथे."

मला ह्यांचा राग आला, आणि दयाही आली. हे बरोबर बोलत असतील, हेही कळत होतं. पण माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. तिला मीही आहे. मी शेजारीच बसते, दर रविवारी, वीतभर अंतरावर. मला एकदाही काही लागलं नाही. आणि आता लागायच्या आतच हे तिला वाटेला लावणार.

मी म्हटलं, तुम्हाला हवं ते करा. आमच्यात ह्या वाक्याचा अर्थ 'नको' असा होतो, आणि ते ह्यांना चांगलं माहीत आहे.

५

काम चालू असताना मी एकदा एकटीच वारज्याला गेले. ह्यांना सांगितलं, भाजी आणते.

गाडीच्या पोटाला भोक पडलं होतं, त्यातून खालची फरशी दिसत होती. बाहेर, शेडच्या सावलीत, आमचा बाक दोन टायरांवर आडवा ठेवला होता. गाडीतून काढल्यावर तो इतका साधा दिसत होता की मला लाज वाटली. दवाखान्यात बाहेर असतो तसला.

मच्छिंद्र हात पुसत आला. बाक घरी नेणार का, म्हणून विचारलं. नाहीतर कुणीतरी नेईल, फोम नवाच आहे. मग त्यानं बाकाच्या मधोमध बोट ठेवलं.

"काकू, येक इचारू? गेल्या साली फोम मीच भरला ह्यात. दोन्ही कडंचा बसलाय, बराबर हाय, तुमी बसता. पन मधी कोन बसतं?"

मी वाकून पाहिलं. मधोमध, थोडंसं मागे टेकून, रेक्झिन दबलं होतं. माझ्या बाजूला जितकं होतं तितकं नाही. लहान होतं ते. कुणीतरी पाय जवळ घेऊन बसावं तेवढं.

"भाजीच्या पिशव्या ठेवतो," मी म्हटलं.

पिशव्या आम्ही मागे ठेवतो. तो गाडीखाली गेल्यावर मी तिथे हात ठेवला. मग इकडेतिकडे बघितलं आणि चक्क त्या बाकावर बसले, मध्ये, तिच्या जागी. समोर हायवेवरून कंपन्यांच्या बस हिंजवडीकडे जात होत्या. मी मनात म्हटलं, अग, मी आलेय. काही झालं नाही. एक बाई गॅरेजच्या दारात सीटवर बसली होती, इतकंच.

बाक मी आणला नाही. आणून ठेवायचा कुठे, आणि ह्यांना काय सांगायचं. तो मी तिथे सोडून आले, ह्याचं मला अजूनही फार वाईट वाटतं.

६

गाडी मिळाली त्या दिवशी ऊन छान होतं. मच्छिंद्रनं बॉनेटला हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. आत दोन काळ्या सीट, मध्ये पोकळी आणि तिच्यातून वर आलेला दांडा, वर गोल काळी मूठ. ह्यांनी एकदा सगळे गिअर टाकून पाहिले. पडत होते. हे माझ्याकडे बघून हसले. इतक्या दिवसांनी हसले की मलाही हसू आलं.

आम्ही हायवेनं चांदणी चौकाकडे निघालो. पहिला, दुसरा. ह्यांचा डावा हात दांड्यावर होता. ओठ मिटलेले. मी मुद्दाम ओठांकडेच बघत होते. हे म्हणाले, खांद्याला किती आराम वाटतो. मी म्हटलं, हो ना. मध्ये खरंच कुणी नव्हतं. गाडीत दोन म्हातारी माणसं होती. इतकंच होतं आता, मरेपर्यंत.

मग ह्यांनी तिसरा टाकायला दांडा पुढे ढकलला आणि तो अर्ध्यावर थांबला.

लोखंडाला लोखंड लागलं की आवाज होतो. तसा काही झाला नाही. दांडा नुसता थांबला, मऊ कशाला तरी टेकल्यासारखा. ह्यांनी मागे घेऊन पुन्हा ढकलला. पुन्हा तिथेच. मागून हॉर्न वाजायला लागले. ह्यांनी हात दांड्यावरच ठेवला. ते दांड्याकडे बघत नव्हते, समोरच बघत होते, आणि पुन्हा ढकलायची त्यांची हिंमत होत नव्हती. कारण आता काय लागतंय ते त्यांना कळलं होतं. मलाही कळलं. तो गुडघा होता.

ती तिथेच होती. दांड्याला चिकटून, त्या पोकळीत, सीट नसताना.

मला भीती वाटायला हवी होती. मी म्हटलं, "नीरू, पाय इकडे घे बाळा. बाबांना गिअर टाकू दे."

तिसरा पडला. आणि माझ्या मांडीवर ओझं आलं.

हळूहळू आलं. आधी थोडं, मग सगळं. मी खाली पाहिलं तेव्हा माझीच साडी दिसली, पण तिच्या निऱ्या दबल्या होत्या आणि पदर डाव्या खांद्यावरून खाली खेचला गेला होता. मी हात पुढे केले. कसे धरायचे ते हातांना माहीत होतं. एक मानेखाली, एक गुडघ्यांखाली.

गार नव्हती ती. भाजत होती.

शहाऐंशीच्या पावसाळ्यात त्या दिवशी तिला मध्ये बसवेना. मान टिकत नव्हती. म्हणून मी तिला आडवी मांडीवर घेतली होती आणि ह्यांनी पहिल्यांदाच सगळे गिअर स्वतः टाकले होते. डेक्कनला एक लहानसं हॉस्पिटल होतं, तिथवर मी तिला अशीच धरून होते. दारात त्यांनी तिला माझ्या हातातून घेतलं. परत दिली नाही.

गाडीत तिच्या दोनच जागा होत्या. एक आम्ही कापून टाकली होती.

"मंदा," हे म्हणाले. डावीकडे बघत नव्हते. त्यांना बघता येत नव्हतं. "ताप आहे का?"

"आहे," मी म्हटलं. "खूप आहे."

माझ्या मानेला श्वास लागत होता, लहान आणि घाईघाईचा. मी खांदा जरा वर केला, म्हणजे तिचं डोकं नीट टेकेल. कोथरूडात शिरलो. आमच्या गल्लीचं वळण आलं आणि ह्यांनी गाडी वळवली नाही. मी का म्हणून विचारलं नाही. नळस्टॉपच्या सिग्नलला ते हॉर्न दाबून पुढे घुसले, जे ह्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांच्याकडे हात मोकळा नव्हता.

ते हॉस्पिटल पाडून तिथे कपड्यांचं मोठं दुकान झालं, त्यालाही बरीच वर्षं झाली. दिवाळीची खरेदी आम्ही तिथेच करतो. ते मला माहीत होतं, आणि ह्यांनाही माहीत होतं.

मांडीवरचा श्वास मध्येच थांबला, मग पुन्हा सुरू झाला. तेव्हाही असंच होत होतं. ह्याच्यानंतर काय होतं ते मला आठवत होतं.

मी पदर तिच्या डोक्यावरून घेतला आणि म्हटलं, "अहो, जरा जोरात घ्या."